सार्जंट दुलोची उत्तर दिशा

सिएरा माद्रे डोंगररांगेच्या पायथ्याशी आमची जी प्रशिक्षण छावणी आहे, तिथे सार्जंट तेओदुलो बागसिक अठरा वर्षं नकाशा शिकवत होता आणि एवढ्या वर्षांत तो एकदाही वाट चुकला नव्हता. याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण एवढ्या वर्षांत तो कुठे गेलाही नव्हता.

मुळात तो आला टंकलेखक म्हणून. नकाशाचा जुना शिक्षक आवाज बसून इस्पितळात पडला, तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी कचेरीत विचारलं, मोठ्याने वाचायला कोणाला येतं? दुलोने पुस्तकाचं पहिलं प्रकरण असं काही वाचलं, की मागच्या रांगेत झोपलेले जवान दचकून सावधानमध्ये उभे राहिले. लष्करात निवड अशीच होते. पोहता येणारा मुदपाकखान्यात जातो आणि स्वयंपाक येणारा पाण्यात. दुलो नकाशाकडे गेला.

शिकवायचा मात्र जीव ओतून. डावी मूठ वर धरायची आणि सांगायचं, ही वर आलेली पेरं म्हणजे डोंगरमाथे, दोन माथ्यांमधली खोलगट जागा ती खिंड, बोटं खाली उतरतात त्या सोंडा आणि बोटांमधल्या फटी म्हणजे ओढे. मग पेनने मुठीवर गोल रेघा काढायच्या आणि मूठ उघडायची, की झाला डोंगराचा सपाट नकाशा. रेघा दाटीवाटीने असतील तिथे चढ उभा, ऐसपैस असतील तिथे उतार सौम्य. त्याच्याकडे सुपाएवढं लाकडी होकायंत्र होतं. त्याची सुई तो स्वतःच्या बोटाने ढकलून उत्तरेला आणून ठेवायचा, त्यामुळे त्याच्या वर्गात उत्तर कधी हुकली नाही. उत्तर दिशा तीन असतात, तो सांगायचा. एक देवाची, ध्रुवाकडची. दुसरी नकाशावरच्या उभ्या रेघांची. तिसरी सुई दाखवते ती. तिन्ही एका जागी येत नाहीत, त्यांतला फरक मिळवायचा किंवा वजा करायचा.

"चौथी मेजरसाहेबांची," तो आवाज खाली आणून म्हणायचा. "तिच्यात काही मिळवायचं नाही, आणि वजा तर मुळीच करायचं नाही."

होकायंत्राजवळ लोखंड नको, हेही तो पोरांकडून घोकून घ्यायचा. ट्रक, काटेरी तार, रायफल, शिरस्त्राण. पुस्तकात तेवढंच होतं, म्हणून यादी तेवढीच होती. परीक्षेच्या दिवशी पोरं नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात शिरायची, लपवून रोवलेले पांढरे खांब शोधायची, आणि दुलो शेवटच्या खांबाजवळ आंब्याखाली शिट्टी आणि पान्सितच्या शेवयांचा डबा घेऊन बसायचा. उशिरा येणाऱ्याकडे तो तुच्छतेने बघायचा. त्या आंब्यापर्यंत त्याला रसदीचा ट्रक आणून सोडायचा, ही गोष्ट पोरांना कोणी सांगितली नव्हती.

छावणीच्या फाटकासमोर त्याच्या बायकोची, पुरिंगची, खानावळ होती. संध्याकाळी दुलो तिथे कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा आणि ती वाढताना तिच्याकडे बघायचा. बावीस वर्षं झाली लग्नाला, तरी हा माणूस बायकोकडे असा बघायचा, जणू ती कोणा दुसऱ्याची आहे आणि चुकून इथे आली आहे. छावणीतले लोक त्यावरून त्याची थट्टा करायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. सुख म्हणतात ते हेच, हे त्याला पक्कं माहीत होतं.

या सुखावर घाला घातला नव्या मेजरने. मेजर ओलिव्हेरोस राजधानीतून कुठलंसं शिक्षण घेऊन ताजे ताजे आले होते, आणि ताजं शिक्षण घेतलेल्या साहेबाला कोणावर तरी ते करून बघावंच लागतं. त्यांनी हुकूम काढला, की जो शिकवतो त्यानेही रानातली परीक्षा द्यायची. दोन संधी. दोन्हींत नापास होईल त्याची बदली पार दक्षिणेच्या टोकाला, एका बेटावरच्या ठाण्यात. दुलोने ते बेट नकाशावर शोधलं. चहूकडे निळं आणि मधे माशी बसून गेल्यासारखा ठिपका. तिथे बायकोमुलं न्यायची परवानगी नव्हती. पुरिंगपासून लांब राहण्याची कल्पनाच त्याला सहन होईना.

पहिल्या परीक्षेला त्याच्यामागे साक्षीदार म्हणून नोनॉय नावाचा कॉर्पोरल दिला. चाळिशीला टेकलेला, भांडारातला, अविवाहित, समोरचा एक दात पडलेला, स्वभावाने गरीब. नियम असा, की साक्षीदाराने एक अक्षर बोलायचं नाही.

दुलोने नकाशा मांडला, दिशाकोन काढला, आणि कागदावरचं सगळं बिनचूक केलं. मग होकायंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं, पुस्तकात चित्र आहे तसं, आणि निघाला. थोड्याच वेळात ते वडासारख्या पारंब्यांच्या एका मोठ्या बालेतेच्या झाडापाशी आले. आणखी काही वेळाने पुन्हा एका मोठ्या बालेतेपाशी आले. दुलो म्हणाला, या रानात बालेते फार. तिसऱ्यांदा त्याला खोडावर आपणच टेकवून विसरलेली पाण्याची बाटली दिसली.

आता आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, की बालेतेत तिकबालांग नावाचा घोड्याच्या तोंडाचा समंध राहतो आणि वाटसरूला गोल गोल फिरवणं हा त्याचा करमणुकीचा धंदा आहे. त्यावर उपाय एकच. अंगातला सदरा काढून उलटा घालायचा. लष्कराच्या पुस्तकात हा उपाय नाही, पण पुस्तक लिहिणारे या रानात आले नव्हते. दुलोने होकायंत्र नोनॉयच्या हातात दिलं आणि सदरा काढला. नोनॉयनेही एका हाताने आपला काढला. दुलो बाटली उचलायला जवळ वाकला, तेव्हा नोनॉयने हातातल्या सुईकडे पाहिलं, मग दुलोच्या गळ्यात लोंबणाऱ्या लाल फडक्याच्या पुरचुंडीकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडलं. पण बोलायचं नाही हा नियम होता. त्याने ते मिटलं.

उलटे सदरे घालून दोघे पुढे निघाले आणि झाडी संपल्यावर थेट हिरव्यागार गवतावर आले. ते अधिकाऱ्यांचं गोल्फचं मैदान होतं. मेजर ओलिव्हेरोस एका पाहुण्या कर्नलसाहेबांना खेळायला घेऊन आले होते आणि कर्नलसाहेबांचा चेंडू दुलोच्या बुटाला लागून थांबला. कर्नलसाहेबांनी या दोन माणसांकडे पाहिलं. हुद्दा आत, नाव आत, बाहेर नुसते शिवणीचे दोरे.

"हे कुठल्या पलटणीचे?" त्यांनी विचारलं.

मेजरसाहेबांच्या चेहऱ्याचा रंग नकाशातल्या पक्क्या रस्त्यासारखा लाल झाला. दुलो नापास झाला, हे वेगळं सांगायची गरज पडली नाही.

परीक्षा संपली तशी नोनॉयला वाचा फुटली. परतीच्या वाटेवर तो थोरल्या भावाला हाक मारावी तसा म्हणाला, "मानोंग, रागावू नका. पण तुमच्या गळ्यात काय आहे?"

"काही नाही."

"सुई त्याच्याकडे धावते. तुम्ही जिकडे वळाल तिकडे उत्तर तुमच्याबरोबर वळते. तिकबालांगाला कशाला नावं ठेवता?"

दुलोचा हात पुरचुंडीवर गेला. त्याच्या गळ्यात बातोबालानी होता, म्हणजे चुंबकाचा दगड. इंगो काकाने गुड फ्रायडेला स्मशानातून आणलेला. लोखंडाला ओढतो तसा बाईच्या मनालाही ओढतो, असं काकाने शपथेवर सांगितलं होतं. तेव्हा पुरिंगच्या बापाच्या घरी चार तरुण, आमच्या रिवाजाप्रमाणे घरकाम करून मागणी घालायला, खेटे घालत होते, आणि त्या चौघांत दुलो रूपाने चौथा, जमिनीने चौथा आणि बोलण्यात तर मोजण्याजोगाच नव्हता. दगड गळ्यात पडला आणि पुरिंगने त्याला निवडलं. तेव्हापासून त्याने तो आंघोळीलाही काढला नव्हता. दर शुक्रवारी त्याला एक टाचणी खाऊ घालायचा. लोखंड दूर ठेवा म्हणून अठरा वर्षं ओरडणाऱ्या या माणसाच्या डोक्यात कधी आलं नाही, की दगडही त्याच यादीत बसतो. यादीत चार नावं होती. पाचवं घालण्याचा हुकूम वरून आला नव्हता.

"काढून ठेवा की परीक्षेपुरता," नोनॉय म्हणाला.

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. काकाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. दगडाला पुरुषाच्या अंगाची ऊब लागते, ती तुटली की दगड मरतो. आणि ज्याच्या अंगावर दगड, त्याच्याकडे बाईचं मन. म्हणजे दगड ठेवला तर बदली होऊन पुरिंग सुटणार, आणि काढला तर घरात बसल्या बसल्या सुटणार. आठवडाभर दुलोला झोप लागली नाही. त्याने दगड पाठीवर सोडून पाहिला. तेव्हा सुईने फसवण्याची तऱ्हा बदलली आणि तो प्रार्थनेच्या वेळी शेजारच्या गावच्या चर्चमध्ये मागच्या दाराने शिरला. होकायंत्र हात लांब करून धरून पाहिलं, तर हात भरून आले आणि वाट तेवढीच चुकली.

शेवटी दगड कोणाच्या तरी गळ्यात बांधणं आलं. दुलोने छावणीतले पुरुष एकेक करून मनात तपासले. आचारी देखणा. वाहनचालक गिटार वाजवणारा. धर्मगुरू तर सगळ्या बायकांचं ऐकून घेणारा. असं करत करत तो पडलेल्या दातापाशी येऊन थांबला. दुसऱ्या परीक्षेला साक्षीदार म्हणून स्वतः मेजरसाहेब येणार होते, त्यामुळे नोनॉय मोकळा होता. परीक्षेच्या पहाटे दुलोने पुरचुंडी त्याच्या गळ्यात अडकवली.

"आज दिवसभर कुठे असशील?"

"रविवार आहे मानोंग. मी आणखी कुठे असणार? मानांग पुरिंगच्या खानावळीत."

हे ऐकून दुलोचं धाबं दणाणलं, पण तोवर मेजरसाहेबांची शिट्टी वाजली होती.

त्या दिवशी सार्जंट बागसिक जसा चालला तसा आमच्या छावणीत कोणी चाललेला नाही. गळ्यातला दगड गेल्यावर सुई शहाण्या मुलीसारखी उत्तरेला बसली. समोर सोंड दिसली की त्याला आपलं बोट आठवायचं, खिंड दिसली की पेरांमधली जागा, आणि अठरा वर्षं नुसत्या तोंडाने सांगितलेला डोंगर त्याला पायाखाली जसाच्या तसा सापडत गेला. याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. पुरिंग सिनिगांगच्या आंबट रश्शाचा वाडगा घेऊन नोनॉयकडे चालली आहे. तो पळू लागला. पहिला खांब, दुसरा, तिसरा, चौथा. मेजरसाहेब मागे धापा टाकत आणि बांबूच्या काट्यांत अडकत येत होते, आणि अर्ध्या वाटेत त्यांचा राग संपून आदर सुरू झाला.

शेवटच्या खांबाजवळ त्यांनी श्वास जुळवला आणि दुलोचा हात हातात घेतला. असा पक्का माणूस वर्गात सडवणं हा गुन्हा आहे, ते म्हणाले. दक्षिणेतल्या त्या बेटावर अशाच माणसाची गरज आहे. आजच हुकूम काढतो.

"सर, ती तर नापासांची शिक्षा होती ना?" दुलोने विचारलं.

"नापासाला शिक्षा. तुला तो सन्मान आहे."

दुलोने सलाम ठोकला आणि तसाच फाटकाकडे धावत सुटला. खानावळीत त्याने पाहिलं ते त्याला पाहायचं नव्हतं. नोनॉय कोपऱ्यातल्या बाकावर, दुलोच्या जागेवर बसला होता. पुरिंग त्याच्या भातावर तळलेला मासा वाढत होती आणि कशावर तरी हसत होती.

"काढ तो दगड," दुलो म्हणाला, आणि त्याचा तो सुप्रसिद्ध आवाज चिरकला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. काका, स्मशान, टाचण्या, बदली. सांगताना तो रडत होता आणि ते त्याला लपवावंसंही वाटलं नाही. पुरिंगने हातातलं मासे वाढायचं ताट खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या दगडाचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझा काका गावभर सांगत फिरायचा. इतर तिघांच्या गळ्यातही त्यानेच अडकवले होते."

दुलोने नोनॉयच्या गळ्यातल्या पुरचुंडीकडे पाहिलं. पुरिंग पुढे सांगू लागली.

"ते तिघे जवळच्या वाटेने यायचे. बाबांची लाकडं फोडायची, पाणी भरायचं, आणि जेवायच्या वेळेला बरोबर पंगतीत. तू डोंगर ओलांडून यायचास आणि रोज चुकायचास. वर्षभर. आई म्हणायची, हा आज येत नाही, आणि मी म्हणायचे, येईल. सगळे झोपायला लागले की दारात उभा, अंगभर ओरखडे, आणि आल्या आल्या विचारायचास, पाणी भरायचं राहिलंय का. मला असा माणूस हवा होता."

नोनॉयने गळ्यातली पुरचुंडी काढायला हात घातला. पुरिंगने त्याला राहू दे म्हणून खूण केली. त्याला गरज आहे, ती म्हणाली. मग दुलोला हाताला धरून बसवलं आणि त्याच्यापुढे भात वाढला. बेट, हुकूम, सन्मान, सगळं तिने पुन्हा एकदा ऐकलं.

"सुट्टी कधी मिळते तिथे?"

"ठाऊक नाही. आणि तिथून इथवर यायचं म्हणजे तीन बोटी बदलायच्या. मी कुठल्या कुठे जाईन, पुरिंग."

"चुकलास तर चुकलास," ती म्हणाली. "ताट झाकून ठेवायची मला सवय आहे."