सिग्नल पडला, तरी लाल

ऐका, पण हे ऐकून दुधनीच्या कुणापुढे माझं नाव काढू नका. तिथं ते आधीच निघालेलं आहे.

मला खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद. वय बावन्न. सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये जुन्या पलंगाच्या फळीवर रूळ, पुठ्ठ्याचा बोगदा आणि ‘दुधनी’ अशी पाटी लावलेलं स्टेशन. दुधनीच का? तर माझे सासरे तिथले. आमचे अप्पा. रेल्वेत केबिनमन होते, आता निवृत्त. बावीस वर्षांत या माणसानं जावयाला एकदाही ‘छान’ म्हटलेलं नाही. पोळीला म्हणतात, शेजाऱ्याच्या म्हशीला म्हणतात. मला नाही!

म्हणून ठरवलं, आपल्या स्टेशनला खराखुरा पेटणारा सिग्नल बसवायचा. बॉलपेनच्या नळीचा खांब, वर मुगाएवढे दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. खाली बटण. बटण दाबलं की लालचा हिरवा. दोन रविवार गेले, तीन बोटं भाजली, पण पेटला! इतका लख्ख, की समोरच्या चौकात एक रिक्षा थांबली म्हणतात. (म्हणणारा मीच.)

लगेच अप्पांना फोन लावला.

“अप्पा, सिग्नल बसवला!”

“व्हय? पडला काय?”

बघा! शुभ बोलणं माहीतच नाही. मी म्हणालो, “पडेल कसा? मी स्वतः रोवलाय.”

“म्हंजे पडला न्हाय?”

“अजिबात नाही. वादळ आलं तरी उभाच राहणार.”

मग, “आन गाडी?”

“धावतेय की सकाळपासून!”

“सिग्नल न पडता?”

“सिग्नलचा नि तिचा काही संबंधच नाही, अप्पा. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या.”

“किती गाड्या सोडल्या?”

“दोन. एकाच रुळावर. एक इकडून, एक तिकडून.”

“यप्पा!” म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

आता मला सांगा, याला मी कौतुक समजलो, यात माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी अप्पा हजर. सोबत त्यांचे जुने दोस्त हणमंतराव, निवृत्त गार्ड. दोघं चहासुद्धा न घेता फळीशी उभे राहिले. चेहरे असे, जणू अपघाताच्या चौकशीलाच आलेत. मी गाडी सिग्नलच्या अलीकडं थांबवली. लाल दिवा ऐटीत पेटलेला.

अप्पा म्हणाले, “जावईबापू, गाडी भायेर उभी हाय. आता सिग्नल पाडा.”

“पाडू?”

“पाडा की! पाडल्याबिगर गाडी आत येनार कशी?”

मी निरखून पाहिलं. खांब रुळाला तसा जवळच होता. इंजिन घासत असणार. काय म्हाताऱ्याची नजर! पण दोन रविवार, तीन बोटं...

“अप्पा, पाडायलाच हवा का? थोडा वाकवला तर?”

हणमंतराव गरजले, “अर्धा पाडलेला सिग्नल कंचा डायवर मानतोय? पुरा पाडा!”

‘छान’ हा शब्द आता हातभर अंतरावर होता. मी डोळे मिटले आणि टिचकी मारली. हलला नाही. रोवलाच होता तसा! मग दोन्ही हातांनी धरून ओढला. कडकन आवाज झाला आणि खांब रुळावर आडवा.

“पाडला, अप्पा!”

आवाज ऐकून आमची सुमा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. अप्पांची लेक, जन्म रेल्वेच्या क्वार्टरमधला. तिनं एकदा खांबाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“अहो, काय केलंत हे? सिग्नल पडला म्हणजे गाडीला वाट मिळाली! पूर्वी खांबावरचा हात खाली पडायचा, तेव्हा गाडी आत यायची. आता दिवा हिरवा झाला तरी हे लोक ‘पडला’च म्हणतात. अप्पांनी तीस वर्षं केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढून दुसरं काय केलं?”

आता तुमच्यापासून काय लपवायचं? केबिनमन म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसणारे साहेब, असं मी बावीस वर्षं समजत होतो. मित्रांना तसंच सांगतही होतो. केबिनला एसी मीच बसवला होता.

तेवढ्यात हणमंतराव वाकले. “अप्पा, बघा की. पडला, तरी लालच हाय!”

खरंच. खांब आडवा, पण वायर तुटली नव्हती. लाल दिवा इमानदारीनं पेटत होता. अप्पांनी चष्मा लावला, खूप वेळ पाहिलं.

“तीस वर्सं नोकरी केली,” ते म्हणाले, “पन पडूनबी लाल ऱ्हायलेला सिग्नल पयल्यांदाच बघितला. छान!”

मिळालं एकदाचं!

मागच्या आठवड्यात पंखा पुसताना मी स्टुलावरून घसरलो. सुमानं घाबरून दुधनीला फोन लावला, “अप्पा, हे पडले!”

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “मग गाडी सोडा की.”