पिवळा दिवा घेऊन तेरला

चूक माझी होती. ती मी पाच आठवडे दुसऱ्याच्या नावावर खपवली, आणि म्हणूनच हा प्रवास करावा लागला.

माझा मेहुणा विलास तेरला शाळेत क्लार्क आहे. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मोतीबिंदूचं पहिलं ऑपरेशन धाराशिवला होतं, तेव्हा त्यानं आमची गाडी चार दिवस नेली होती. गाडी परत आली आणि आठवड्याच्या आत समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी मागचापुढचा विचार न करता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘विलासकडून गाडी आली आणि दिवा लागला. यापुढे देताना विचार करावा लागेल.’ चौदा जणांनी वाचलं. विलासनं उत्तर दिलं नाही. माझे फोन घेणंही त्यानं बंद केलं.

आता सासूबाईंचा दुसरा डोळा होता. मी गाडी घेऊन येतो, असा निरोप बायकोकरवी, सुनंदाकरवी, धाडला. त्याचं उत्तर आलं, ‘आम्ही एसटीनं जाऊ.’ म्हातारी बाई माझ्या एका ओळीपायी एसटीत धक्के खात जाणार, हे मला सोसेना. त्यांनी अकराची एसटी धरायच्या आत तेरला पोचायचंच, असं ठरवून आम्ही संभाजीनगरहून पाचला निघालो.

दिवा सोबत होताच. शहरातल्या पहिल्या गॅरेजनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदललं होतं. झाकण सैल असलं की वाफ निसटते आणि दिवा लागतो, म्हणे. दोन दिवसांत दिवा परत हजर. दुसऱ्यानं संगणक लावून दिवा ‘पुसला’. चौथ्या दिवशी तो पुन्हा उगवला. दोन्ही वेळा मी मनातल्या मनात विलासलाच बोललो.

बीड येईतो उजाडलं. कुंथलगिरीचे पेढे घेतले, चांगले खरपूस भाजलेल्या खव्याचे. सासूबाईंना फार आवडतात. वाशीच्या अलीकडं टाकी भरली. नॉझल टक्‌ करून थांबलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणं ‘राउंड फिगर करा’ म्हटलं. पंपावरच्या बाईंनी आणखी दोनतीनदा दाबून आकडा सरळ केला. गाडी मात्र सरळ सुरू होईना. खोकली, थरथरली, चौथ्या चावीला कशीबशी निघाली. आत पेट्रोलचा वास भरला. तेरखेड्याला पोचेपर्यंत सुनंदाला मळमळायला लागलं, म्हणून चहाला थांबलो. चहा पिऊन येतो तर गाडी ठार बंद.

तेरखेडं फटाक्यांचं गाव, आणि मी नेमका फटाक्यांच्या दुकानासमोर उभा. दुकानदार नाक वर करून बाहेर आला.

‘काका, वास तुमच्याच गाडीचा ना?’

मी हो म्हणालो.

‘मग इथं कामून (कशाला) लावली? फुडं घ्या. लई फुडं घ्या.’

सुरू होत नाही म्हटल्यावर त्यानं दुकानातली दोन माणसं बोलावली आणि तिघांनी गाडी ढकलायला घेतली. पुढच्या दुकानातल्या माणसानं लांबूनच दोन्ही हात हलवले, की इथं नको. त्याच्या पुढच्यानंही तेच. असं एकेक दुकान ओलांडत मला अख्ख्या रस्त्याकडेनं ढकलत नेलं, आणि वस्ती संपल्यावर एका लिंबाखाली सोडलं. ‘दिवाळीला या,’ घाम पुसत दुकानदार म्हणाला, ‘पर चालत या.’ सुनंदा खळखळून हसली. मला हसू आलं नाही. अर्ध्या तासानं गाडी आपल्या मर्जीनं सुरू झाली.

येरमाळ्यानंतर दोन्ही अंगांना ज्वारी पोटरीत आलेली, माळावर पवनचक्क्या संथ फिरताहेत. असं काही बघत जावं म्हणून माणूस प्रवासाला निघतो. मी मात्र त्या दिव्याकडं बघत होतो. घाटातल्या झाडीतून उतरताना गाडी पुन्हा आचके देऊ लागली, आणि येडशीला रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या गॅरेजपुढं मी हात टेकले.

गॅरेजवाला अंकुश चाळिशीचा, बोलायला सावकाश. काडेपेटीएवढी एक डबी त्यानं गाडीला लावली, मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, ‘पेट्रोलच्या वाफेचा घोटाळा हाय.’ मग गाडी सोडून तो मलाच तपासायला लागला. बंद कधी पडते? पेट्रोल भरल्यावर. किती भरता? फुल्ल. नॉझल थांबल्यावर काय करता?

काही नाही, असं मी म्हणालो.

‘राउंड फिगर करतात,’ सुनंदा म्हणाली. ‘बावीस वर्षं.’

अंकुश गाडीखाली गेला आणि टाकीजवळून एक काळा डबा काढून आणला. पातेल्यावर तिरपा केला तर त्यातून पेट्रोलची धार लागली. त्यानं समजावून सांगितलं. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून या डब्यातला कोळसा ती धरून ठेवतो, आणि गाडी चालताना इंजिन ती ओढून जाळतं. नॉझल थांबल्यावरही पेट्रोल रेटलं की ते वाफेच्या नळीतून थेट डब्यात उतरतं. कोळसा भिजतो, त्याचा चुरा होतो, आणि चुरा पुढं जाऊन इंजिनाकडं वाफ सोडणारी झडप अडकवतो.

‘वाफेची जागा हाय ही, काका. तुमी पेट्रोलच नेऊन बसवलं.’

तरीही मी वाट शोधत होतो. दिवा लागायच्या आधी मेहुण्यानं गाडी नेली होती, त्यानंच काही केलं नसेल कशावरून, असं मी विचारलं. त्यानं किती भरलं होतं, अंकुशनं विचारलं. पाचशेचं, एकदाच, सुनंदानं सांगितलं. अंकुशनं माझ्याकडं पाहिलं. ‘पाचशेत टाकीचा तळ भिजतो. डबा कसा भिजंल?’



सुनंदानं विलासला फोन लावला आणि थांब म्हणाली. दवाखान्यात दोनची वेळ आहे, त्या गाडीचा भरवसा नाही, असं म्हणून त्यानं ठेवून दिला. मग ती मला म्हणाली, जिथं लिहिलं होतंत तिथंच आता खरं लिहा. मी ग्रुपवर लिहिलं, ‘गाडीतला तांत्रिक दोष सापडला. काळजी नसावी.’ कुणीतरी अंगठा टाकला. सुनंदानं ते वाचलं, फोन माझ्या हातात दिला आणि अंकुशच्या बाकड्यावर तोंड फिरवून बसली.

अंकुशनं झडप तोंडाशी धरून फुंकली. ती मिटलेली असायला हवी होती. हवा आरपार गेली. एका अपघातातल्या गाडीची चांगली झडप त्यानं बसवली आणि डबा निथळून परत लावला. नवा डबा सोलापूरहून मागवावा लागेल, म्हणाला. दिवा विझला, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तोवर पावणेबारा झाले होते.

ढोकीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत तेरला पोचलो. दाराला कुलूप. शेजारच्या सुलाबाई ओट्यावर डाळ पाखडत होत्या.

‘अकराच्या गाडीनं गेली की. म्या गेल्ते ष्टँडवर. बसाया जागा न्हाय, म्हातारी दांडीला धरून हुबी. इलास म्हणला उतर, दुसरी बघू. तर म्हणली, उशीर हुईल.’

सुनंदा गाडीत जाऊन बसली. धाराशिवपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही, याचाही मला राग आला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पंधरावीस माणसं रांगेनं बसली होती. सासूबाई डोळ्यात औषध घालून, डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. विलास फाईल घेऊन शेजारी उभा. मी पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला आणि दिव्याचं कारण सापडलं, असं म्हटलं.

‘बरं झालं, दाजी,’ तो फाईलकडं बघत म्हणाला.

इथंच थांबता आलं असतं. मी बसायलाही लागलो होतो.

‘काय सापडलं म्हणायचं, जावईबापू?’ सासूबाईंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

‘एक झडप अडकली होती, आई.’

‘कुणी अडकवली?’

रांगेतली दोनतीन माणसं वळून बघायला लागली. मी पुन्हा उभा राहिलो.

‘मी,’ म्हणालो. ‘विलास, गाडी माझ्या हातानं बिघडली, तुझ्या नाही. चौदा जणांत मी तुझं नाव घेतलं, आणि आज खरं कळल्यावरही तांत्रिक दोष म्हणून लिहून मोकळा झालो. आईंना उभ्यानं यावं लागलं ते माझ्यामुळं. मला माफ कर.’