सहा नंबरची पाहुणी

आमच्या आपाम या मासेमारीच्या गावात आराबा एसेल म्हटलं तर चार-पाच बायका निघतील. पण ‘गेस्ट हाउसवाली आराबा’ म्हटलं की सगळ्यांना एकच कळायची. किनाऱ्यालगत, माडांच्या रांगेमागे आमचं आठ खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. मी तिथे टेबलामागे बसतो. किल्ल्या देतो, नावं लिहितो, पाणी गेलं की शिव्या खातो. मी लागलो तेव्हा आराबामावशी आधीपासून होती, आणि पहिल्याच दिवशी तिने मला माझ्याच टेबलावरची धूळ बोटाने दाखवली होती.

चोवीस वर्षं तिने त्या आठ खोल्या झाडल्या. चादर धुऊन वाळली की ती उन्हासमोर धरायची आणि आरपार दिसायला लागली की फाडून फडकी करायची. मालक ओटूसाहेब म्हणायचे, अजून वर्षभर चालली असती. मावशी म्हणायची, तुमच्या घरी चालवा. टपाल खात्यातून निवृत्त झालेला तो माणूस गावात कुणाचं ऐकत नसे, पण चादरींच्या बाबतीत मावशीचा शब्द शेवटचा.

मग तिचा उजवा गुडघा गेला. आधी ती बादली अर्धी भरून नेऊ लागली, नंतर पलंगाखाली झाडायला मान्साला पाठवू लागली. मान्सा ही नवी मुलगी. कामाला वाघ, पण मावशीसमोर बादली सांडायची. एका रविवारी प्रार्थनेनंतर मावशीने चर्चच्या पायरीवरच ओटूसाहेबांना सांगून टाकलं, की हा महिना शेवटचा.

कामावरून जाणाऱ्याला आमच्याकडे सहा वार कापड देतात, जमलं तर भिंतीवरचं घड्याळ. ओटूसाहेबांनी तिला बोलावून विचारलं, कापड कुठल्या रंगाचं आणू? मीही तिथेच होतो. मावशीने हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “कापड नको. मला सहा नंबर द्या. दोन रात्री.”

साहेबांना वाटलं, मुलगा-सून येणार असतील तकोराडीहून. त्यांनी तसं विचारलंही.

“कोणी येणार नाही. मीच राहणार. पाहुणी म्हणून.”

साहेब हसले. ती हसत नाही म्हटल्यावर थांबले. तिचं घर गेस्ट हाउसपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, जेवणासकट की जेवणाशिवाय. ती म्हणाली, सकाळच्या चहासकट.

तिने सोमवार दुपार ते बुधवार सकाळ मागून घेतली. मंगळवारी आमच्याकडे समुद्राला सुट्टी. कोणी जाळं टाकत नाही, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, किनाऱ्यावर आरडाओरडा नसतो. त्यातून आराबा या नावाचा अर्थच मंगळवारी जन्मलेली. तिचं म्हणणं, निदान त्या दिवसावर तरी माझा हक्क असू दे.

गोष्ट गावात पसरायला एक दिवसही लागला नाही. आपल्याच गावात, घरापासून पायी पंधरा मिनिटांवर, विधवा बाई हॉटेलात खोली घेते म्हणजे काय, हे लोकांनी आपापल्या परीने ठरवून टाकलं. मासे बाजारातल्या बायकांनी तर तीन म्हाताऱ्यांची नावंही काढली. त्यातला एक गेल्या वर्षीच वारला होता. मावशी आपली चादरी वाळत घालत राहिली. पण तिची थोरली बहीण एकुआ हिला ते फार लागलं. एकुआ म्हणजे त्यांच्या घराचा खांब. मातीच्या भट्ट्यांवर मासे धुरात सुकवणं हा तिचा धंदा, आणि अकरा माणसांचं ते घर तिच्या आवाजावर चालायचं. तिने बहिणीला एवढंच सांगितलं की लोक मला विचारणार आहेत, तो पुरुष कोण, आणि मी काय सांगू? त्यानंतर आठवडाभर तिने बोलणं टाकलं. मावशीचं ताट वाढायची, पण तोंड फिरवून.

सोमवारी दुपारी मावशी आली ती समोरच्या फाटकाने. एवढ्या वर्षांत मी तिला त्या फाटकातून आत येताना पाहिलं नव्हतं, ती मागून धुण्याच्या दगडाजवळून यायची. निळं-पिवळं छापील कापड, डोक्याला त्याचंच फडकं, हातात छोटी पिशवी. मी नेहमीच्या सवयीने किल्ली पुढे सरकवली. ती जागची हलली नाही.

“फीफी, वही काढ. बाकीच्यांचं लिहितोस तसं लिही.”

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. कुठून आलात, या रकान्यात काय लिहू ते कळेना. ती म्हणाली, घरून. पुढचा रकाना व्यवसायाचा. तिने खिडकीकडे पाहत विचार केला आणि म्हणाली, “सध्या काही नाही.” मग सही केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून.

मान्साने त्या सकाळी सहा नंबर तीनदा झाडली होती. मावशी आत गेली आणि दार लागलं. कडी लावल्याचा आवाज मी टेबलापर्यंत ऐकला. मान्सा माझ्या शेजारी उभी राहून कान देत होती, आता हाक येईल, मग हाक येईल म्हणून. संध्याकाळपर्यंत हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मान्सा गेली आणि धावत परत आली. मला म्हणाली, चला, मावशीने पलंग फिरवलाय. मी गेलो. खरंच, पलंगाचं डोकं खिडकीच्या बाजूला असायचं ते दाराकडच्या भिंतीला लावलेलं. त्या गुडघ्याने तो लाकडी पलंग तिने एकटीने कसा ओढला, देव जाणे. फरशीवर चार लांब चरे पडले होते.

मावशी उशी पाठीशी घेऊन बसली होती. रागावलेली नव्हती, पण चेहरा गंभीर होता.

“फीफी, या खोलीचे जास्त पैसे का घेतो आपण?”

“समुद्र दिसतो म्हणून.”

“कुणाला दिसतो? काल मी आडवी झाले तर मला कपाट दिसलं. कपाट, आणि त्याच्यावरचा डाग. समुद्र डोक्यामागे. बघायचा तर उठून, वळून, मान वाकडी करून.”

ओटूसाहेबांचा नियम होता, कामाच्या माणसांनी पाहुण्यांच्या पलंगावर टेकायचं नाही. तिने तो चोवीस वर्षं पाळला होता. हजारो वेळा ती चादर तिने घातली, कोपरे दुमडले, सुरकुती काढली, आणि तिथे पडलेल्या माणसाला काय दिसतं ते तिला ठाऊक नव्हतं. मला तिच्या बोलण्यात जरा वाईट वाटल्यासारखं जाणवलं. इतके पाहुणे येऊन गेले, कोणी काही बोललं कसं नाही, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मान्सा म्हणाली, त्यांना वाटत असेल हॉटेलात असंच असतं. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ये, इथे टेक. तूही बघून घे.” मान्साने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती टेकली.

त्या कोनातून सगळं दिसत होतं. ओढलेल्या होड्या, जाळी शिवत बसलेली माणसं, आणि मागे समुद्र, त्या दिवशी अगदी शांत.

एकुआ आली ती दुपारी. मंगळवारी ताजे मासे नाहीत, म्हणून भट्ट्या थंड, आणि बहुतेक म्हणूनच तिचा राग घरात मावेना. डोक्यावर झाकलेलं पातेलं होतं. मला म्हणाली, हॉटेलातलं जेवण बहिणीला मानवत नाही, म्हणून ताडफळांचं कालवण आणलंय. बहिणीने खोली फक्त सकाळच्या चहासकट घेतली होती, जेवण नव्हतंच, हे मी सांगत बसलो नाही. मला तिच्यासोबत खोलीपर्यंत जावं लागलं, कारण तिने माझं मनगटच धरलं होतं. साक्षीदार हवा होता बहुतेक.

मावशीने दार उघडलं. एकुआने पातेलं खाली ठेवलं आणि ती थेट न्हाणीघरात डोकावली. मग दारामागे. मग कपाट उघडलं. शेवटी हात गुडघ्यावर टेकून पलंगाखाली पाहिलं.

“चप्पल सापडली का ताई?” मावशीने विचारलं. “डावी मिळत नाहीये.”

एकुआ ताठ उभी राहिली. “चेष्टा करू नकोस. घरात तुला काय कमी होतं ते सांग. मी कधी तुला उपाशी ठेवलं? कधी टाकून बोलले?”

“काही कमी नव्हतं.”

“मग?”

मावशी म्हणाली, “आपण लहान होतो तेव्हा आईजवळ सहा जणं झोपायचो. मग माझं लग्न झालं. मग पोरं. तो गेल्यावर मी परत आपल्या घरी आले, आता नातींच्या मध्ये झोपते. मी कधी एकटी झोपलेच नाही, ताई. एकसष्ट वर्षांत एकदाही नाही. मला बघायचं होतं कसं असतं.”

“आणि कसं असतं?”

“काल दोनदा दचकून उठले. अंगावर कुणाचा पाय नव्हता म्हणून.”

एकुआचं तोंड एका बाजूने हललं. हसू आवरायला तिने पाठ फिरवली आणि ती पलंगाच्या कडेला बसली. बसल्यावर तिला खिडकी दिसली. धुराने तिचे डोळे कायम लाल असतात, तेरा वर्षांची असल्यापासून ती भट्टीजवळ आहे. ते डोळे बारीक करून ती बाहेर बघत राहिली. पंख्याचा वारा आवडला असावा, डोक्याचं फडकं सोडून तिने मांडीवर ठेवलं. मावशी म्हणाली, पाय वर घे, थोडी पड. एकुआ म्हणाली, माझ्या अंगाला धुराचा वास येतो, चादरीला लागेल.

“लागू दे. मी धुणार नाहीये.”

मी निघालो. पाचेक मिनिटांनी मावशी बाहेर आली, दार हलकेच ओढून घेतलं, व्हरांड्यातली खुर्ची दारासमोर ओढली आणि तिथे बसली.

त्या दुपारी तिने दारावर पहारा दिला. घरून दोन मुली विचारत आल्या, मोठी आजी कुठे, मिठाच्या डब्याची किल्ली कुठे. मावशीने ओठांवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं आणि आज शेजारून मीठ घ्या म्हणून सांगितलं. मग चर्चच्या महिला मंडळातली एक बाई आली, तिला आतलं बघायचं होतं. तीही परत गेली. मान्सा बादली आपटत चालली होती तर तिलाही चप्पल काढायला लावली. मध्ये एकदा मी चहा नेऊन दिला, तेव्हा मावशी हळू आवाजात म्हणाली की ताईला दिवसा झोपलेलं आपण आयुष्यात पाहिलं नाही. बाळंतपणातसुद्धा तिसऱ्या दिवशी भट्टीवर होती. आणि मग म्हणाली, “घोरते बघ कशी. आपल्या बाबांसारखी.”

एकुआ उठली तेव्हा उन्हं उतरली होती. दार धाडकन उघडून ती बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

“उठवलं का नाहीस?”

“का उठवायचं होतं?”

ती कठड्याला धरून उभी राहिली. मग तिला आठवलं, की कालवण तसंच आहे. स्वयंपाकघरातून मी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणून दिला, दोघींनी व्हरांड्यात बसून एकाच वाडग्यात बोटं बुडवून खाल्लं. केंके शिळा आहे, असं एकुआने मला ऐकवलं. शिळा नव्हता.

ती घरी जायला निघाली तेव्हा फाटकाबाहेर तीन-चार बायका सहज उभ्या असल्यासारख्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलंच, काय गं एकुआ, भेटला का पुरुष? एकुआने रिकामं पातेलं डोक्यावर नीट बसवलं.

“पुरुष कुठला? पंखा आहे,” ती म्हणाली. “चांगला आहे. बोलत नाही, आणि जेवायला मागत नाही.”

त्यानंतर ती चर्चा गावात फार टिकली नाही.

बुधवारी सकाळी मावशीने किल्ली आणून टेबलावर ठेवली. चादर तिने काढली नव्हती, पण सुरकुत्या काढून नीट करून आली होती, ते मान्साने नंतर सांगितलं. निघण्याआधी ती ओटूसाहेबांकडे गेली आणि समुद्राकडच्या चारही खोल्यांतले पलंग फिरवा म्हणाली. साहेब म्हणाले, दिव्याची बटणं मग दूर जातील. ती म्हणाली, वायरमन गावात आहे, मेला नाही. साहेबांनी महिनाभर कुरकुर केली, मग एका शुक्रवारी स्वतः सहा नंबरात जाऊन दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि वायरमनला फोन लावा म्हणाले. पाहुण्यांनी बदल पाहिला की नाही माहीत नाही. एक मात्र झालं, कुमासीची एक शिक्षिका दोन दिवसांसाठी आली होती ती पाच दिवस राहिली.

मावशी आता घरीच असते. गुडघ्यावर पट्टा बांधून एकुआच्या भट्टीशेजारी बसते, मासे उलटते आणि धुराबद्दल तक्रार करते. नातींच्या मध्येच झोपते. तिला मी एकदा विचारलं, परत यायचं का, साहेब नाही म्हणणार नाहीत. ती म्हणाली, नको, मी बघितलं, मला कळलं.

गेल्या जूनमध्ये, पावसाळ्यात, आमच्या खोल्या रिकाम्या असतात तेव्हा, एका मंगळवारी फाटकाशी छत्री दिसली. एकुआ होती. तिने इकडचं तिकडचं विचारलं, मान्साचं लग्न ठरलं का, टाकीची गळती थांबली का. मग छत्री झटकत म्हणाली, सहा नंबर मोकळी असेल तर जरा बसेन म्हणते, घरात आज फार गलका आहे.

मी किल्ली दिली. ती चारपर्यंत झोपली. जाताना म्हणाली, तुमच्याकडचा चहा फार पातळ असतो, आचाऱ्याला सांग. मी सांगितलं आहे.