गिरणीच्या माळ्यावरची सुजाता

आमच्या क्लासमधल्या कोणी दोघी महाडच्या बाजारात समोरासमोर आल्या, की भाजी घ्यायची राहून जाते. एक किस्सा निघतो, त्यातून दुसरा निघतो, आणि तिसरा रंगात येतो तोवर रिक्षावाला विचारतो, "ताई, तुम्ही येताय की मी जाऊ?" इतके किस्से साठायला कारण एकच, सुजाता. सुजाता व्यावसायिक फायटर झाली, मुंबईला जाऊन जाळीच्या पिंजऱ्यात लढली, हे पेपरातही आलं. पण पेपरवाल्यांना आतलं काय माहीत? तिच्या हातचा सगळ्यात जास्त मार मी खाल्लाय. तेव्हा सांगायचा पहिला हक्क माझा.

*

नव्वदीच्या शेवटची वर्षं. कासिमसर नुकतेच कुवेतहून परत आले होते. तिकडे ट्रक चालवायला गेले आणि एकाच खोलीत राहणाऱ्या एका इराणी माणसाकडून कुस्ती आणि किकबॉक्सिंग शिकून आले. बाकीचे लोक येताना टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटं आणायचे. सरांनी हातात धरायचे दोन जाड पॅड आणले. मग महाडात एका भातगिरणीच्या माळ्यावर क्लास काढला. खाली गिरणी, वर आम्ही. मॅट परवडत नव्हती, म्हणून गोणपाटात भाताचं तूस भरून गाद्या केल्या होत्या. एकदा आपटलं की दिवसभर अंग खाजवत बसायचं.

एक दिवस सर उभं राहायची पद्धत शिकवत होते. "पाय असे रोवायचे, की कोणी कितीही ढकललं तरी हलता कामा नये. या, मला हलवून दाखवा."

चांगले दांडगे मुलगे लाल होईपर्यंत ढकलून गेले. सर हलले नाहीत. तेवढ्यात जिन्यावर एक मुलगी दिसली. भात भरडायला आली होती, खाली नंबर लागला नव्हता म्हणून आवाज ऐकून वर आली. पोलादपूरच्या अलीकडच्या वाडीतली, दहावी झालेली सुजाता.

"नुसतं हलवायचं, की उचललं तर चालंल?" तिनं विचारलं.

सर हसले. "उचल की."

ती वाकली, भाताची गोण घेतात तसं सरांना खांद्यावर घेतलं आणि सरळ उभी राहिली. तिनं सरांसकट एक गिरकी घेतली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"ठेवू कुठं?"

तिच्या पाठीवर उलटे लोंबणारे सर म्हणाले, "नाव काय गो तुझं?"

*

आता मुलगी क्लासला येणार म्हणजे घरून परवानगी हवी. सुजाताचे वडील लहानपणीच गेलेले. घर आईच्या जिवावर. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मावशींनी पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. सर दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा उत्तर तेच.

शेवटी सरांनी आपल्या अम्मींना धाडलं. मी सोबत होते. अम्मी ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या. सुकी मासळी महाग झाली, पाऊस लांबला, गुडघे दुखतात, असं सगळं बोलणं झालं. क्लासचं नाव नाही. मला वाटलं, या विसरल्याच.

मग मावशींनीच विषय काढला. "तुमचा मुलगा पोरींना मारामारी शिकवतो म्हणं."

"शिकवतो."

"माझी पोर आधीच धसमुसळी. तिला अजून कशाला शिकवायचं?"

अम्मी शांतपणे म्हणाल्या, "बाय, तुझ्या पोरीनं माझा मुलगा गोणीसारखा उचलला. उचलायला ती शिकलेलीच हाय. निदान हळू ठेवायला शिकू दे."

मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सोमवारपासून सुजाता क्लासला.

*

दम वाढवायला सर आम्हाला रविवारी सकाळी वरंधला न्यायचे. एसटीनं तिथवर जायचं आणि मग घाटाचा रस्ता पळत चढायचा. आम्ही मुली पुढे, सर मागून स्कूटरवर, तोंडात शिट्टी, हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी होती, पण हे बघणाऱ्याला कसं कळणार?

पहिल्याच रविवारी आम्ही पळत वळणावर पोचलो. रस्त्याकडेला गुरं घेऊन निघालेले एक आजोबा आम्हाला बघून थबकले. "काय झाला गो पोरींनो? कोण लागलाय मागं?"

सुजाताला दम लागला होता. तिनं बोलायच्या ऐवजी हातानं मागे दाखवलं आणि पुढे पळाली. आम्हीही पळालो.

बराच वेळ झाला तरी शिट्टी ऐकू येईना. सर आज खूश आहेत असं समजून आम्ही जोरात पळत राहिलो. परत उतरून येतो तर काय, सरांना गावकऱ्यांनी झाडाखाली बसवून ठेवलेलं, स्कूटरची चावी आजोबांच्या मुठीत.

सुजाता धावत पुढे झाली. "आजोबा, सोडा त्यांना. सर हाईत आमचे."

आजोबांनी सरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "सर हाय तर स्वतः का नाय पळत?"

पुढच्या रविवारपासून सर आमच्याबरोबर पळायला लागले. वळणावर आजोबा उभे असायचे. आम्ही गेलो की काही बोलायचे नाहीत. सर धापा टाकत आले की म्हणायचे, "हां, आता सर वाटतोस."

*

मुंबईच्या एका स्पर्धेसाठी सुजाताला वजन थोडं कमी करायचं होतं. रमजान चालू होता. सरांचे रोजे होते. सुजातानं ठरवलं, आपणही सरांबरोबर दिवसभर उपाशी राहायचं, वजन आपोआप उतरेल. सरांनाही कल्पना पटली. मोठ्या शिस्तीत सगळं सुरू झालं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आम्ही समोर चणे खाल्ले तरी ती बघायची नाही.

पण रोजा सुटायचा सरांच्या घरी. अम्मींना वाटायचं, परक्याची पोर आपल्या पोराच्या नादानं उपाशी राहते. मग खजूर, भजी, खिमा, तांदळाची भाकरी, वर शिरखुर्म्याची तयारी म्हणून आणलेल्या शेवयांची खीर. "नको" म्हटलं की अम्मी आणखी वाढायच्या.

स्पर्धेच्या आधी गिरणीच्या काट्यावर सुजाताला उभं केलं. सरांनी काटा बघितला, पुसला, परत बघितला.

"सुजाता, रोजे धरून वजन वाढवणारी तू पहिलीच."

ती म्हणाली, "सर, तुमचंबी बघा की." सर काही काट्यावर चढले नाहीत. त्या स्पर्धेत ती वरच्या वजनगटात खेळली आणि जिंकली. अम्मी आजही म्हणतात, ते मेडल माझं.

*

हा किस्सा माझा. मला बघायला पाहुणे येणार होते, रविवारी सकाळी. शनिवारच्या सरावात सुजाताचं कोपर माझ्या डोळ्यावर बसलं. सकाळपर्यंत डोळा वांग्यासारखा. आईनं पावडरचा डबा रिकामा केला. वडिलांनी मला बजावलं, "कोणी विचारलं तर कपाटाचं दार लागलं म्हणायचं."

सुजाता मदतीला आली होती. खरं तर माझी माफी मागायला आली होती, पण आईनं तिच्या हातात पोह्यांचा ट्रे दिला.

मुलानं विचारलंच. "डोळ्याला काय झालं?"

वडील म्हणाले, "कपाट लागलं."

सुजाता ट्रे घेऊन उभी. तिला खोटं बोलताच येत नाही. म्हणाली, "कपाट नाय, मी."

आईनं कपाळाला हात लावला. मुलानं सुजाताकडे नीट बघितलं. तिचा खालचा ओठ सुजलेला होता. "आणि तुमच्या ओठाला?"

सुजातानं माझ्याकडे बोट केलं. "हिनं."

मुलगा पोह्यांची बशी उचलून म्हणाला, "म्हणजे बरोबरीत सुटलं."

त्याच्याशीच लग्न झालं. संसारही तसाच चाललाय, बरोबरीत.

*

दोन हजार सालानंतर मुंबईत नव्या प्रकारच्या फाइट होऊ लागल्या. कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, सगळं एकत्र, गोल जाळीच्या पिंजऱ्यात. जिंकणाऱ्याला बक्षीस, हरणाऱ्यालाही मानधन. बायकांच्या फाइट फारच थोड्या. सुजाता बिरवाडीत खोली घेऊन एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. सरांनी विचारलं, तिनं रजा टाकली.

फाइटआधी सूट घातलेला अनाउन्सर तिच्याकडे आला. "मॅडम, फ्रॉम?"

"पोलादपूरच्या अलीकडं. फाट्यावर उतरायचं."

थोड्या वेळानं सगळ्या हॉलमध्ये घुमलं, "सुजाता, फ्रॉम पोलादपूरच्या अलीकडं, फाट्यावर उतरायचं!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण ती फाइट वाईट गेली. समोरच्या मुलीनं तिचा हात पायांत धरला आणि कोपर उलटं दाबलं. अशा वेळी जमिनीवर थाप मारायची, म्हणजे हार मान्य, हात सुटतो. सुजाता थाप मारेना. चेहरा पांढरा पडला तरी मारेना. सरांनी खांद्यावरचा टॉवेल आत फेकला आणि फाइट थांबवली.

तिला ते सहन झालं नाही. मुंबईपासून महाडपर्यंत ती सरांशी अवाक्षर बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "मी हरले नव्हते. तुम्ही हरवलंत." हात प्लॅस्टरमध्ये गेला. तिचा क्लास सुटला. सर रोज माळ्यावर यायचे, शिकवायचे, पण जिना वाजला की त्यांची मान आधी तिकडे वळायची.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबून लांबून लोक येतात. सुजाताच्या वाडीतली मंडळी दरवर्षी तिथे पाणी वाटायचा मंडप टाकतात. एक हात गळ्यात अडकवून सुजाता दुसऱ्या हातानं पेले भरत होती. मी शेजारी पेले विसळत होते. उन्हात मोठी रांग. बघते तर रांगेत सर. पुढे येता आलं असतं, सगळे ओळखीचे. पण ते नंबर धरून उभे राहिले.

नंबर आला. सुजातानं पेला पुढे केला. सरांनी सगळं पाणी पिऊन पेला परत दिला. मागचे लोक खोळंबले.

शेवटी तिनंच विचारलं, "तो टॉवेल कुठाय?"

"अम्मीनं लादी पुसायला घेतला."

"बरं केलं." तिनं पेला परत भरला आणि त्यांच्या हातात दिला. "अजून घ्या. ऊन हाय."

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी ती सरळ दवाखान्यातून माळ्यावर आली.

*

पुढे ती जिंकायला लागली. एकामागून एक. मग पट्ट्याची फाइट ठरली, म्हणजे जिंकणाऱ्या मुलीच्या कमरेला मोठा चकचकीत पट्टा बांधतात ती. त्या फाइटला पहिल्यांदाच मावशी आल्या. तोवर त्यांनी लेकीची एकही फाइट बघितली नव्हती. नवं लुगडं, मांडीवर कापडात बांधलेला डबा. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. "जिंको, हरो, भूक तर लागंल," म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते.

समोरची मुलगी मणिपूरची होती. चपळ, तोडीस तोड. पहिल्या राउंडमध्ये तिनं सुजाताचं नाक फोडलं. मावशींनी माझं मनगट असं धरलं, की वळ उठले. पण डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या राउंडला सुजातानं तिला उचलून खाली घेतलं, मागून गळ्याला हात घातला आणि त्या मुलीनं थाप मारली.

सगळा हॉल उभा राहिला. सर पिंजऱ्यात शिरून रडायला लागले. कमरेला पट्टा बांधला, फोटो निघाले. त्या गडबडीत माझं शेजारी लक्ष गेलं तर खुर्ची रिकामी.

मावशी पार पलीकडच्या बाजूला होत्या. हरलेली मुलगी बाकावर एकटी बसली होती, तोंडावर टॉवेल घेऊन. तिच्या बरोबर आलेला माणूस फोनवर बोलत होता. मावशी तिच्या शेजारी टेकल्या, टॉवेल बाजूला केला, पदरानं तिची हनुवटी पुसली. मराठी एकीला येत होतं, दुसरीला नाही. मावशींनी डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. ती आधी बघत बसली. मग एक तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि मग थांबलीच नाही.

सुजाता आईला शोधत तिथे आली. नाकात कापूस, कमरेला पट्टा. समोरचं दृश्य बघून उभीच राहिली.

"आई, मी जिंकले."

"बघितलं ना," मावशी म्हणाल्या. "जरा पाणी आण हिला. चटणी तिखट झालीय."