मस्टरवरची सही

मुनीमजींनी मस्टर पायानं माझ्याकडे सरकवलं. शाईचं पॅड उंबऱ्यावर ठेवलं. जळगावच्या त्या कापसाच्या जिनमध्ये हीच रीत होती. बाकीच्या बायांनी टेबलाशी उभं राहून अंगठा द्यायचा. आम्ही महारवाड्यातल्या बायांनी बाहेर उकिडवं बसून.

मी सातवी पास. मेहरूणच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार माझ्याच हातानं लिहिला जायचा. त्या दिवशी मी पॅड बाजूला केलं, मुनीमजींचं पेन उचललं आणि सही केली. नाव पुरं लिहिलं.

"पेन बाटवलंस," ते म्हणाले. "तुमच्यात सही कोण करतं? अंगठा लाव."

"मला लिहिता येतं."

मी एवढंच बोलले. त्यांनी तीन दिवस घरी बसवलं आणि शेरा मारला: हुकूम मोडला, उर्मट वर्तन. पेन माझ्या देखत पाण्यात बुडवून धुतलं. शाईचं पेन. एवढी अक्कल असलेला माणूस माझी वर्तणूक लिहीत होता. कामाला माझे हात चपळ, म्हणून काढलं नाही. पुढे रोज मी उंबऱ्यात बसून, पण स्वतःच्या पेन्सिलीनं सहीच करत आले.

दोन वर्षांनी सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात माझी निवड झाली. काडतुसं भरायचं काम. पक्की नोकरी, राहायला खोली. फक्त पोलीस पडताळणी बाकी. तिथं भरवशाचंच माणूस लागणार, हे मलाही पटत होतं. फॉर्मवर रकाना होता: पूर्वीच्या नोकरीत गैरवर्तनाबद्दल कारवाई झाली आहे काय? मी फॉर्म भरण्याआधीच हवालदार जिनमध्ये चौकशी करून आला. म्हणाला, "मस्टरवर शेरा आहे. खोडून आण, नाहीतर अडकशील."

मी आईला घेऊन जिनवर गेले. मुनीमजी एकदम गोड झाले.

"माफीनामा मी लिहितो. तू खाली अंगठा लाव. शेरा आत्ता खोडतो."

आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "दी दे ना अंगठा, माय. सरकारी नोकरी शे."

म्हणजे सही केली ते गैरवर्तन. अंगठा दिला की मी देशाच्या भरवशाची. मला मुनीमजींची चीड आली, आणि खरं सांगते, आईचीही आली. मी तिथून निघाले.

घरी फॉर्म भरला. रकान्यात 'होय' लिहिलं. कारणाला जागा अर्ध्या ओळीची. मी समासात लिहीत गेले. अंगठा दिला नाही, सही केली. मस्टर पायानं सरकवतात, तेही लिहिलं. खाली सही.

महिन्याभरात उत्तर आलं. सुरक्षेच्या दृष्टीनं अपात्र.

दुसऱ्या दिवशी जिनवर गेले. मस्टर उंबऱ्याकडे सरकत आलं. मी बसले नाही.

"टेबलावर ठेवा. मी उभ्यानं सही करणार."

मुनीमजी म्हणाले, "अजून एक शेरा पाहिजे का?"

"लिहा," मी म्हटलं. "त्याच्याखालीही सहीच करीन."