कुठला सेन्सर

मी वेंधळा आहे, असं आमच्या घरात चार वर्षांपूर्वी ठरलं आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. गॅस मी बंद केला तरी आई उठून नॉब चाचपून येते. भाचीला शाळेत सोडायचं असलं की मी गाडी काढून उभा असतो आणि बहीण माझ्यादेखत रिक्षाला हात करते. कारण माझा उजवा हात. चाकणच्या एका कंपनीत पत्र्याचे पार्ट दाबणाऱ्या प्रेसवर मी ऑपरेटर होतो, तिथे तर्जनी आणि मधलं बोट गेलं. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. हात मध्ये आला की मशीन जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी थांबलं नाही. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं की सेन्सर व्यवस्थित चालू होता, ऑपरेटरने निष्काळजीपणे सेन्सर चुकवून बाजूने हात घातला. खाली माझी सही आहे, डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखी.

बाजूने हात घातल्याचं मला आठवत नव्हतं. पण सेन्सर चालू होता म्हणजे मी घातलाच असणार ना. हे मी इतक्यांदा मनात घोळवलं की शेवटी माझा हात बाजूने आत जाताना मला दिसायलाही लागला. कुणी विचारलं की मी स्वतःच सांगायचो, माझीच चूक, लक्ष नव्हतं.

सही कर, असं मला भाऊने सांगितलं होतं. भाऊ म्हणजे सख्खा नव्हे. कंपनीच्या मेंटेनन्समधला इलेक्ट्रिशियन, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, राहायला संत तुकाराम नगरात. आम्ही एकाच बसने जायचो, एकाच टेबलावर जेवायचो. "सही करून टाक राव, वाद घालत बसलास तर कामावरून जाशील," असं तो दवाखान्यात म्हणाला आणि मला ते पटलं. झालंही तसंच, मला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. मी दवाखान्यात होतो तोवर भाऊ रोज यायचा. आईला डबा करू द्यायचा नाही, स्वतःच्या घरून आणायचा. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं आई शेजारच्या खाटेवाल्यांनाही सांगायची.

त्यानेच मला ते हातात मावणारं गेमचं यंत्र आणून दिलं. चिनी बनावटीचं, तळहाताएवढ्या स्क्रीनचं, लहानपणी व्हिडिओ पार्लरमध्ये खेळायचो ते सगळे गेम त्यावर चालतात. "बोटांना व्यायाम होईल," म्हणाला. आता उरलेल्या बोटांनी वरच्या कडेचं बटण दाबायचं कसं, याचा विचार साहेबांनी केलाच नव्हता. मी ते यंत्र भिंतीवर फेकायच्या बेतात होतो. तेव्हा त्याने सांगितलं की याचं फर्मवेअर बदलता येतं.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातला तो प्रोग्रॅम, जो बटणं, स्क्रीन, बॅटरी सगळं चालवतो. बनवणाऱ्यांनी दिलेला भिकार होता, म्हणून जगभरच्या काही उद्योगी लोकांनी मिळून आपला आपण लिहिला होता. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उघडून वाचावा, बदलावा आणि बदललेला सगळ्यांना द्यावा. भाऊ त्यात आधीपासून होता. त्याने मला सगळं शिकवलं, हातचं काही राखून न ठेवता. रविवारी सकाळी आई विहारात वंदनेला जायची आणि हा लॅपटॉप घेऊन काळेवाडीला आमच्याकडे यायचा. आम्ही दोघं फरशीवर यंत्रं उघडून बसायचो. पहिल्या वर्षात मी तीन यंत्रं कायमची बंद पाडली, आणि दर वेळी तो म्हणायचा, "होतं रे, शिकताना होतं." घरात मला असं म्हणणारा दुसरा कुणी नव्हता.

मग एकदा जमलं. अंगठ्याने दोन बटणं एकदम दाबली की वरच्या कडेच्या बटणाचं काम व्हावं, एवढंच मी लिहिलं होतं. ते सगळ्यांच्या फर्मवेअरमध्ये घेतलं गेलं. पोलंडमधल्या एका माणसाने लिहिलं की त्याच्या वडिलांचा एक हात लुळा पडलाय आणि ते आता पुन्हा खेळतात. मी ते आईला मराठीत सांगितलं. "भाऊनं बघितलंय का एकदा?" तिने विचारलं.

पुढे आम्ही दोघं ते फर्मवेअर सांभाळणारे झालो. लोकांनी पाठवलेले बदल घ्यायचे की परत पाठवायचे, हे आम्ही ठरवायचो. या कामातली एक गोष्ट मला फार आवडायची. प्रत्येक ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद राहते आणि ती कुणाला गुपचूप पुसता येत नाही. कंपनीतल्या रजिस्टरची पानं कशी फाटतात ते मी पाहिलेलं असल्यामुळे मला याचं जरा जास्तच कौतुक होतं.

या उन्हाळ्यात ब्राझीलच्या एका बाईंनी फोटो पाठवला. चार्जिंगला लावलेल्या यंत्राचं मागचं झाकण उचकटलं होतं आणि आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. बॅटरी तापली की चार्जिंग बंद करणं हे आमच्या फर्मवेअरचं काम. मी कोड उघडला. बॅटरीच्या सेन्सरला तापमान विचारण्याऐवजी तिथे एक ओळ लिहिलेली होती. तापमान नेहमी पंचवीस. बॅटरी तव्यावर ठेवा, उत्तर पंचवीस. नोंद काढून पाहिली तर भाऊचं नाव होतं. कारणाच्या जागी एकच शब्द होता, तात्पुरतं.

माझं डोकं फिरलं. हा शब्द मी कंपनीत रोज ऐकायचो. तात्पुरत्या टाकलेल्या वायरींवर भिंतीच्या रंगाचे तीन-तीन हात बसलेले मी पाहिलेत. बाईंच्या घराला आग लागली असती तर कुठल्या तोंडाने उत्तर दिलं असतं आम्ही? फोनवर भांडायचं नाही, समोर बसवून हजेरी घ्यायची, असं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी रविवार होता.

तो नेहमीसारखा मिसळीचं पार्सल घेऊन आला. मी त्याला आतही येऊ दिलं नाही.

"भाऊ, सेन्सर बायपास केलास आणि मला सांगितलं नाहीस?"

तो चप्पल काढायला वाकला होता, तसाच वाकलेला राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? नोंद आहे की."

"नोंद कशी असेल? मी तर लगेच वायर काढली होती." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "राव, तो सारखा ट्रिप होत होता. दर दहा मिनिटांनी प्रेस बंद. सुपरवायझर डोक्यावर बसलेला. मी फक्त शिफ्ट संपेपर्यंत जंपर टाकला होता, सेन्सर टाळून जाणारी वायर. तुझा हात जाईल असं कुणाला वाटलं होतं?"

मी बॅटरीबद्दल बोलत होतो. हे त्याला कळायला थोडा वेळ लागला आणि तो काय बोलून गेला हे मला कळायलाही.

"कुठला सेन्सर?" मी विचारलं.

पार्सलच्या पिशवीतून तर्री गळत होती, तिकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, "मी काय कमी केलं का तुझ्यासाठी? चार वर्षं झाली, भावा."

नाही केलं कमी. तेच तर. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या क्षणी समजलं. ते डबे, ते "होतं रे," तो प्रत्येक रविवार माझ्यासमोर आला आणि प्रत्येकाची मला शिसारी आली. बोटांचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. मशीनवर काम करणाऱ्याची बोटं जातात, आमच्या बसमध्ये अशी चार माणसं होती. पण याने मला माझ्याविरुद्ध सही करायला लावली. कधी न घडलेली गोष्ट मी चार वर्षं डोळ्यांनी पाहत राहिलो आणि हा शेजारी बसून पाहू देत राहिला.

मी ओरडलो नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी एवढंच म्हणालो, "कंपनीत काही सांगू नकोस. आई तासाभरात येईल. तोवर बस आणि तिला सांग. तुझ्या तोंडाने."

"सांगतो ना. सांगणारच आहे." तोवर त्याचा पाय चपलेत गेलाही होता. "पण आज नको राव. जरा दमानं घेऊ. पुढच्या रविवारी नक्की." जिन्यावरून तो उतरताना ऐकू आला, नेहमीपेक्षा भराभर. तो रविवार येऊन गेला, त्यानंतरचेही गेले. फोन तो उचलत नाही. आता बसही बदललीय त्याने.

त्या दिवशी मी आत येऊन लॅपटॉप उघडला, ती ओळ काढली आणि सगळ्यांसाठी सूचना लिहिली. तापमानाचा सेन्सर बायपास केलेला होता, कुणी केला त्याची नोंद सोबत आहे, नवीन फर्मवेअर घातल्याशिवाय यंत्र चार्जिंगला लावू नका. अर्ध्या तासात तीन देशांतून उत्तरं आली. ब्राझीलच्या बाईंनी आभार मानले. तुझी खात्री आहे का, असं एकानेही विचारलं नाही. त्यांनी नोंद उघडली, पाहिली आणि विषय संपला. मला रडू फुटलं.

आई आली तेव्हा मी तोंड धुऊन बसलो होतो. ती पांढरी साडी बदलून मेथी निवडायला बसली. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सारखा बंद पडणारा सेन्सर, भाऊने टाकलेली वायर, नंतर काढून घेतलेली वायर, माझी सही. मी हात बाजूने घातला नव्हता, हे तीनदा सांगितलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"भाऊ? आपला भाऊ?"

"हो."

"त्यो सोता म्हणला आसं?"

"हो आई. इथं, दारात."

तिने दोन-तीन काड्या निवडल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "आरं, दुसऱ्या कुणाच्या मशीनचं सांगत आसंल त्यो. तुझं ध्यान कुठं आसतं?"