गांजाचं वेड

माझ्या मधल्या भावाने उभ्या जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही, तरी मध्यप्रांताच्या सरकारी दप्तरात तो गंजेडी ठरला. ते कसं झालं ते सांगते. आता त्यावर रडायला बसत नाही मी.

भाऊ बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानात कापड फाडून द्यायचा. विशी उलटली आणि तो सांगू लागला, की दोन माणसं त्याच्याबद्दल आपसात बोलतात. "आता हा पाणी पिऊन राहिला, आता हा उठला." त्याच्याशी नाही, त्याच्याबद्दल. माणसं कुठे दिसत नसत. मग दुकान सुटलं, अंघोळ सुटली. एके दिवशी ओमतीच्या रस्त्यावर त्याने एका अनोळखी माणसाची गचांडी धरली, तेव्हा कुठे दादाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, डॉक्टरांना घरी आणलं.

डॉक्टर हिंदी बोलणारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी भावाला पुष्कळ विचारलं. मग त्याच्यासमोरच दादाला समजावलं. वहिनी आणि मी दाराआड उभ्या होतो. या वयातलं असं वेड दोन तऱ्हेचं, ते म्हणाले. एक आतून येतं, ऐन तारुण्यात सुरू होतं आणि सहसा जात नाही. त्यात घराणंही पाहावं लागतं. दुसरं गांजाचं, गांजा सुटला की उतरतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून घरच्यांनी खरं सांगायचं. घरात पूर्वी कुणाला होतं का?

होतं ना. वडिलांची सख्खी बहीण पनागरला वर्षानुवर्षं एका खोलीत कोंडलेली होती. पण माझी सोयरीक त्याच महिन्यात ठरत आलेली. आमच्या लोकांत व्यसन एकट्या माणसाला चिकटतं, वेड मात्र अख्ख्या घराला. दादाने एवढाच विचार केला असणार.

"जी नहीं," दादा म्हणाला. "घर में किसी को नहीं. ये घाट पे साधुओं में बैठता है, गांजा पीता है."

भाऊ खाटेवर बसून ऐकत होता. कित्येक आठवड्यांत तो इतकं नीट बोलला नव्हता. "दादा, काहून असं सांगून राहिला? मी कधी ओढला?"

"देखिए, मानता भी नहीं," दादा डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. आपल्याला काही झालंय हे रोग्याला पटत नाही, हेही त्यांच्या शास्त्रात लक्षणच होतं.

भावाला पागलखान्यात नेलं, माझं लग्न थाटात झालं. दादाचा मला संताप यायचा. पण हे त्याने माझ्याचपायी केलेलं, तर बोलू कुठल्या तोंडाने? तिकडचे डॉक्टर भावाला गांजाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत. तो नाही म्हणे तोवर सुधारणा नाही, असं दादाला कळवत. मग एकदा तो हो म्हणाला. रोग्याला आता समज आली, असं ठरवून त्यांनी त्याला घरी सोडलं.

मी माहेरी गेले तेव्हा तो अंगणात बसला होता, वाळलेला, दाढी केलेला. आवाज अजून येतात, हे त्याने मला हळूच सांगितलं. फक्त कुणाला सांगायचं नाही, एवढं तो शिकला होता. मी म्हटलं, "भाऊ, तू तर कधी ओढला नाहीस. मग हो काहून म्हणालास?"

त्याने माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"दादा म्हणाला होता न. दादा काहून खोटं बोलेल? ओढलाच असेल मी."